भांड्यांतला खट्याळपणा वरून चिकटवल्यासारखा का दिसतो?

मातीमाखली: चाक वापरत नाही, वळ्या रचून आणि चिमटीने दाबत भांडी घडवते. सध्या पाय फुटलेले कप आणि डोळे असलेल्या बरण्या चालू आहेत. पण डोळे खरवडून टाकले तरी बरणी तशीच राहते, म्हणजे गंमत नुसती वर बसलेली. तुम्ही कुणाचं काम बघून शिकलात? शिवाय पाय जोडले की वाळताना सांध्याला भेग जाते, त्याचं काय करायचं?

ओलीवळी: मार्टिन बंधूंचे पक्षी बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळ साउथॉलला त्यांची भट्टी होती. एकेक पक्षी असा बेरकी बघतो की नजर हटत नाही! पण खरी करामत मानेत आहे. डोकं उचललं की आत बरणी, म्हणजे डोकं हेच झाकण. ते काढलं तर भांडंच अपुरं. तुमच्या डोळ्यांना असं काहीतरी काम द्या.

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांच्या बाटल्याही अशाच. माणसाच्या चेहऱ्याचं भांडं, वर कमानीसारखी पोकळ नळी. तीच तोटी आणि धरायलाही तीच. त्या नळीवर माझा फार जीव आहे.

आणि अमेरिकेतल्या बिलॉक्सी गावचे कुंभार जॉर्ज ओर (1857–1918). चाकावर कमालीचं पातळ भांडं काढायचे आणि ओलं असतानाच मुरगळायचे, चुण्या पाडायचे. फोटोत चुण्या आधी दिसतात, तुम्ही भिंतीची जाडी बघा. हात इतका तयार होता म्हणून ते मुरगळणं उभं राहतं.

भेगेबद्दल: पाय बारीक, ते आधी वाळतात आणि आधी आक्रसतात, कप मागे राहतो. दोन्ही सारखेच ओलसर असताना जोडा. ओरखडे पाडा, त्याच मातीची स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावा, घट्ट दाबा. मग कप उपडा ठेवून पायांवर प्लास्टिक गुंडाळा. जाड पाय पोकळ करा आणि आतली हवा जायला बारीक भोक ठेवाच.

झिलई: पिकासोचंही बघा. फ्रान्समधल्या व्हालोरिसला माडुरा या भांड्यांच्या कारखान्यात चाकावरून नुकती उतरलेली ओली भांडी हातात घेऊन त्याने त्यांचे पक्षी आणि बायका केल्या. पण रंगाला कमी लेखू नका. नुसत्या ब्रशनेही ताटलीचा चेहरा होतो, आणि तो चिकटवलेला वाटत नाही.

ओलीवळी: ताटलीबाबत मान्य, तिचा गोलच चेहऱ्याचा असतो. बरणीवर रंगवलेले डोळे मला तरी परकेच वाटतात.

मातीमाखली: मग चोच हीच तोटी असलेली किटली करते. चोच खाली वाकवली तर चालेल?

ओलीवळी: वाकवा, पण टोक किटलीच्या काठाच्या खाली जाऊ देऊ नका, भरतानाच चोचीतून सांडेल. ओठाची कड धारदार ठेवा, नाहीतर थेंब खाली ओघळत राहतात. कच्ची असतानाचा फोटो टाका, भाजण्याआधी बघू.