मदत हवी आहे: होंडा सिटी घाटात झुलते, सस्पेन्शन अपग्रेड करावं का?

घाटवाट:
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

गाडी होंडा सिटी एसव्ही, पेट्रोल, मॅन्युअल, २०१५ ची. ९२ हजार किमी झालेत. टायर मूळ मापाचेच, १७५/६५ आर १५. एरवी कोथरूड–हिंजवडी, आणि जोडून सुट्टी आली की उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली असं करत चिपळूण. माहेर तिथे.

इंजिनाबद्दल चकार शब्दाची तक्रार नाही, अजूनही घाट हसत चढते. दुखणं आहे ते खालच्या अंगाला. सातारा रस्त्यावर पुलाच्या सांध्यावरून नव्वदने गेलं की मागची बाजू एकदा आदळून थांबत नाही, दोन-तीन हेलकावे खाते. मागे आई-बाबा आणि डिकीत आंब्याच्या पेट्या असल्या की विचारूच नका. वळणात आधी कलते आणि मग वळते. मी स्टिअरिंग फिरवते, नाक जरा विचार करून येतं. शिवाय सपाट रस्त्यावर किंचित उजवीकडे ओढते, आणि पुढचा डावा टायर आतल्या कडेला जास्त झिजलाय.

गॅरेजवाले म्हणतात, "गाडीचा स्वभावच मऊ आहे." भाऊ म्हणतो लोअरिंग स्प्रिंग टाक. एका ॲक्सेसरीच्या दुकानाने ३५ मिमी खाली आणणारा स्प्रिंगचा सेट दाखवला, वर "बफर (स्प्रिंगमध्ये अडकवायच्या रबरी रिंगा) फुकट देतो" म्हणाले. बजेट ४० हजार. मला शर्यत लावायची नाही, मागे पोर झोपलेलं असतं. वळणात गाडी हातात राहावी, एवढंच. सुरुवात कुठून करू?

बारामती_एक्स्प्रेस:
भाऊ, बफर लावा आणि मोकळे व्हा. माझ्या डिझायरला मागे लावलेत. पाच माणसं बसली तरी बूड टेकत नाही. उगाच ४० हजार कशाला घालवताय?

चाकण_बी_शिफ्ट:
शॉकअप बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला आहे (चाकणला असे कारखाने एकापेक्षा जास्त आहेत, तेव्हा ओळखायचा प्रयत्न करू नका). जरा सविस्तर लिहितो.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा दणका साठवते. साठवलेलं परत बाहेर पडताना त्याला आवरायचं काम शॉकअपचं. आत पिस्टन तेलातून जातो, झडपांच्या बारीक वाटांतून तेल ढकललं जातं आणि त्या हेलकाव्याची उष्णता होते. एका धक्क्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल तर स्प्रिंग धडधाकट आहे, शॉकअप मेलाय. याला स्वभाव म्हणत नाहीत, म्हातारपण म्हणतात.

शॉकअप एका दिवसात जात नाही. हळूहळू मऊ पडत जातो आणि चालवणाऱ्याचा हात त्याला सरावतो, म्हणून लक्षात येत नाही. "तेल गळत नाही म्हणजे शॉकअप चांगला" हे गॅरेजमधलं आवडतं वाक्य, पण झडपा झिजल्या, तेल पातळ झालं तरी बाहेरून कोरडा ठाक दिसू शकतो. बॉनेट दाबून सोडायची परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते.

"नाक विचार करून येतं" ही तक्रार मात्र बरीचशी रबराची. लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, विशेषतः मागचा मोठा बुश, लिंक रॉड, शॉकअपचं टॉप माउंट (वरची रबरी बैठक). लिफ्टवर घेऊन बुशजवळ पहार लावून हलवायला सांगा, चिरा बॅटरीच्या उजेडात दिसतात. सिटीला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा तुळईसारखा दांडा) आहे, त्याचे पुढचे दोन बुश कुणी बघतच नाही. ते ढिले पडले की वळणात शेपूट स्वतःच्या मनाने थोडं स्टिअरिंग करतं.

आता बफर. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत रबराची रिंग अडकवली की तेवढे वेढे कामातून बाद. उरलेल्यांवर जास्त भार, म्हणजे स्प्रिंग जास्त कडक. आधीच थकलेल्या शॉकअपला जास्त कडक स्प्रिंग आवरायला दिली! गाडी खाली टेकत नाही हे खरं, पण टेकणं आणि हेलकावणं हे दोन वेगळे आजार आहेत.

घाटवाट:
वा, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. मग लोअरिंग स्प्रिंगचं काय? भाऊ हटून बसलाय. (आणि बारामतीकर, भाऊ तो. मी ताई.)

चाकण_बी_शिफ्ट:
भावाला सांगा, गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो हे बरोबर. पण सिटीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगची एकत्र उभी जोडणी) आहे. गाडी बसवली की लोअर आर्मचा कोन बदलतो, आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलंडवणारा जोर उलट वाढतो. स्प्रिंग पुरेशी कडक असेल तर तो झाकला जातो. दुकानातली स्प्रिंग किती कडक आहे हे त्या डब्यावर लिहिलंय का? बहुधा नसेल.

दुसरं, ३५ मिमी उंची गेली ती दबायच्या जागेतून गेली. वळणात खड्डा आला की शॉकअप बंप स्टॉपवर जाऊन बसतो, त्या क्षणी तुमचं सस्पेन्शन म्हणजे रबराचा ठोकळा. चाक रस्ता सोडतं ते तिथेच.

आणि हिशोब करा. ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिमी, तोही रिकाम्या गाडीचा. त्यातून ३५ वजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आपल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी हे माप कधी वाचलेलं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुरावा_काय:
कायद्याची बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. कलम १८२अ मध्ये मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. झिजलेला शॉकअप बदलून त्याच मापाचा घालणं ही दुरुस्ती झाली, त्याला कुणी हरकत घेणार नाही. उंचीशी खेळ केलात तर आधी विमा कंपनीला लेखी विचारा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर चाकाच्या कमानीत हात घालून बघतोच.

नायट्रोजन_नको:
कुणी टायरकडे बघणार आहे का? रस्त्याला गाडीचे चार तळहात टेकलेले असतात, बाकी सगळं त्याच्या वर. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं जुना असेल तर नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असतं, ओल्या घाटात तिथेच घसरते.

माप वाढवायचं तर १९५/६० आर १५ बघा. मूळ टायरचा व्यास ६०८.५ मिमी, याचा ६१५. फरक एक टक्का, स्पीडोमीटरला कळणारही नाही. बाजूची भिंत मिमीमध्ये जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे खड्ड्यात रिम वाचते. रिमच्या मागे रुंदीचा आकडा कोरलेला असतो तो वाचून घ्या. साडेपाच इंची रिमवर १९५ बसतो, पण ती त्या टायरची खालची मर्यादा आहे. त्यापुढे २०५ चा मोह नको. आणि हवा दरवाजाच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढीच, पंपवाल्या पोराच्या अंदाजाने नाही.

घाटवाट:
सगळ्यांचे आभार. काल अलाइनमेंट करायला गेले होते. पुढचं टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) त्यांनी जुळवून दिलं, पण कागदावर पुढचा डावा कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरचा भाग आत) उणे १ अंश २० मिनिटं, उजवा उणे १० मिनिटं. मी विचारलं तर म्हणाले, "या गाडीत कॅम्बर सेट होत नाही, चालतं तेवढं." गाडी अजून उजवीकडेच ओढते. खरंच चालतं?

चाकण_बी_शिफ्ट:
सेट होत नाही हे खरं. चालत नाही हेही खरं. दोन बाजूंत अर्ध्या-पाऊण अंशाहून जास्त फरक पडला की शोध घ्यायचा. गाडी कमी उणे कॅम्बरच्या बाजूला ओढते, म्हणजे तुमची उजवीकडे, आणि जास्त उणे असलेला डावा टायर आतून झिजतो. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं लक्षण कागदाशी तंतोतंत जुळतंय.

एक घरगुती तपासणी करा. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी सपाट जागेवर उभी करा. चाकाच्या कमानीत हात घालून टायरची आतली भिंत आणि शॉकअपची नळी यांच्यातली फट बोटाने चाचपा, दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर. मग इथे लिहा.

घाटवाट:
उजवीकडे दोन बोटं सहज जातात. डावीकडे एक बोट जातं, दुसरं रेटावं लागतं. पार्किंगमध्ये वाकून हे करताना वॉचमनकाकांनी "किल्ली पडली का मॅडम" म्हणून विचारलं.

चाकण_बी_शिफ्ट:
मग डावा स्ट्रट वाकलाय, जवळपास खात्रीने. जोरात खड्डा बसला की धक्का टायरवर, म्हणजे स्ट्रटच्या बाहेरच्या बाजूला येतो आणि स्ट्रट असा वाकतो की चाकाचा वरचा भाग आत झुकतो. लोअर आर्म किंवा सबफ्रेम सरकली असती तर कॅम्बर बिघडला असता, पण ही फट दोन्हीकडे सारखीच राहिली असती. अलाइनमेंटच्या कागदावर केपीआय (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा कल) असेल तर त्यानेही पडताळता येईल. थोडक्यात, पुढचे दोन्ही शॉकअप तसेही बदलायचेच आहेत. जोडीनेच बदला, एकच नको.

कोल्हापुरी_टर्बो:
इतकं उघडायचंच आहे तर साधे कशाला घालताय ताई? मजुरी एकदाच पडते. बिलस्टीनचे बी ६ शॉकअप बघा, मोनोट्यूब (एकाच नळीचे), मूळ उंचीच्या स्प्रिंगवरच बसतात. बी ८ नकोत, ते खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड केलेले असतात. किंवा कोनीचे पिवळे, त्यात परतीचा कडकपणा कमी-जास्त करता येतो. माझ्या व्हेंटोत बी ६ आहेत. आंबा घाटात गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते.

चाकण_बी_शिफ्ट:
बी ६ उत्तम वस्तू, वाद नाही. पण तुमच्या गाडीच्या नेमक्या पार्ट नंबरला मिळतात का ते आधी पाहा. "थोडं फाइल करून बसवतो" म्हणणाऱ्याकडून उलट्या पावली परत या. आणि ताईंचं बजेट ४० हजार आहे, टायरसकट. ते सगळं शॉकअपमध्ये ओतून जुनेच बुश आणि जुनेच टायर ठेवायचे, हे मला पटत नाही.

कोल्हापुरी_टर्बो:
टायर पुढच्या वर्षी घेता येतात. शॉकअपसाठी गाडी पुन्हा कोण उघडणार? तुम्ही कारखान्यातले लोक मूळ पार्टच्या पलीकडे जायला तयारच नसता.

नायट्रोजन_नको:
टायर पुढच्या वर्षी? जूनमध्ये कुंभार्ली उतरायचाय त्यांना.

घाटवाट:
भांडू नका हो. ठरवलं ते सांगते. चारी शॉकअप मूळ दर्जाचे नवे, पुढे टॉप माउंट, चारींचे बंप स्टॉप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड. बीमचे बुश बघून गरज पडली तर. उरलेल्या पैशात दोन टायर तरी १९५/६० चे बसतात का पाहते. स्प्रिंग जुन्याच. गॅरेज नेहमीचंच, माणूस प्रामाणिक आहे पण घाईचा. त्याला काय काय बजावून सांगू?

चाकण_बी_शिफ्ट:
टायर दोनच का? दोन मापं एका गाडीत नकोत. पैसे चारला पुरत नसतील तर आत्ता दोन मूळ मापाचेच घ्या, आणि नवे मागे टाका. पावसात मागची बाजू सुटली तर सावरणं कठीण असतं. पुढे जुन्यातले बरे असलेले दोन, आतून झिजलेला तो डावा बादच.

गॅरेजमध्ये समोर उभ्या राहा, आणि चार गोष्टी बघा. नवा शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-खेचून घ्यायचा, आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. वरचा नट सोडता-आवळताना रॉड फिरू नये म्हणून त्याच्या डोक्यातच ॲलन की लावायची. पक्कड चमकत्या रॉडला लागली तर क्रोमवर ओरखडा उठतो, तो ओरखडा सील खातो आणि नवा शॉकअप काही महिन्यांत गळतो. स्प्रिंग दाबायला नीट कॉम्प्रेसर हवा. दोरी-बिरी बांधायला लागला तर गाडी घेऊन घरी या, ती सुटली तर माणूस जायबंदी होतो.

चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा चुकते. लोअर आर्मच्या आणि बीमच्या बुशचे बोल्ट लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. बुशमधलं रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली येताच ते पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. राइड कडक लागते आणि नवा बुश लवकर फाटतो. गाडी चाकांवर उभी असताना, रॅम्पवर किंवा गॅरेजमधल्या खालून काम करायच्या खड्ड्यावर घेऊन आवळायला लावा. अलाइनमेंट त्यानंतर.

घाटवाट:
लिहून घेतलं. टायर मग मूळ मापाचेच दोन, मागे. शनिवारी सकाळी गाडी टाकतेय. गॅरेजवाला कामाला खड्डा वापरतो, तेव्हा चौथ्या गोष्टीची सोय झाली.

बारामती_एक्स्प्रेस:
ताई, जुने शॉकअप काढताना माझ्यासाठी एक फोटो टाका. डिझायरचे बफर मी आज सकाळी काढले. मागची बाजू तुमच्यासारखीच डुलतेय.