सीमाप्रश्न हायकोर्टात सुटला असता म्हणे!

टिळकवाडीकर: काल इथं एकानं लिहिलं, महाराष्ट्रानं 2004 साली बेळगाव सीमेचा दावा सुप्रीम कोर्टाऐवजी कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात घातला असता तर एव्हाना निकाल लागला असता. डोकं तडकलं वाचून. धारवाडला खंडपीठच 2008 साली आलं! आणि दोन राज्यांतला किंवा केंद्र-राज्यातला हक्काचा तंटा घटनेच्या कलम 131 प्रमाणं फक्त सुप्रीम कोर्टात चालतो. आपल्या दाव्यात तर केंद्र आणि कर्नाटक दोघंही प्रतिवादी.

खानापूरचा: कलमं पाठ करून काय मिळालं? कर्नाटक अजून तेच सांगायलंय, हद्दी बदलणं कलम 3 खाली संसदेचं काम. महाराष्ट्रानं मागितलेली 865 गावं ताटकळलीत.

निपाणीकर: हायकोर्टाला अगदीच मोडीत काढू नका. 131 मध्ये ना महाराष्ट्र एकीकरण समितीला दावा घालता येतो, ना तुम्हा-आम्हाला. कलम 226 खाली मात्र साधा माणूससुद्धा राज्य-केंद्र दोघांविरुद्ध रिट, म्हणजे हक्कासाठी दाद मागणारा अर्ज, घालू शकतो. गाव कुठल्या राज्यात हे हायकोर्ट ठरवणार नाही, पण मराठीत कागद का देत नाही, हे विचारू शकतं.

खानापूरचा: कागदाचंच दुखणं आहे. आमच्या वाटणीचे कागद सगळे कन्नडमध्ये. आईला अक्षर लागेना, तशीच सही करून आली. बांधाकडचा तुकडा चुलत्याच्या नावावर गेल्याचं मागनं कळलं. 15 टक्के लोकसंख्या असली की सरकारी सूचना त्या भाषेतही द्यायच्या, हे केंद्रानंच ठरवलंय ना? मग?

शहापूर पेठ: कन्नड शिकायचं की! माझी पोरं शिकली, नोकरीला लागली. सीमेसाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगानं 1967 सालीच बेळगाव इकडं, कर्नाटकात ठेवलंय.

खानापूरचा: मी शिकलोय. सत्तरीच्या आईला शाळेत घालू काय? आणि महाजनांनीच निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं, ते का गिळता?

शहापूर पेठ: तो अहवाल महाराष्ट्रानंच फेटाळला! तेव्हा 264 गावं तरी पदरात पडली असती.

खानापूरचा: बेळगाव सोडून? तुम्ही बेळगावातल्याच शहापुरात बसून बोलायलाय हे!

टिळकवाडीकर: भांडण आवरा. कागदांसाठी हायकोर्ट, एवढं मानतो, नाइलाजानं. सीमेचा दावा मात्र दिल्लीतच.

निपाणीकर: खानापूरकर, मराठी प्रतीचा अर्ज लेखी दिलाय का? पोच घ्या, नकार आला तर तोही लेखी मागा. रिट घालताना वकील पहिलं तेच विचारतो.

खानापूरचा: तोंडी मागितलं होतं. सोमवारी लेखी देतो.