मेथ घेतलेल्याचं अंग तापलं तर: पॅरासिटामॉल नको, 108 लावा

मेथ (मेथॅम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ) घेतलेल्याचं अंग तापलं की कुणीतरी ‘तापाची गोळी द्या, झोपला की उतरेल’ असं सुचवतं. तसं करू नका. मेथचा ताप जंतुसंसर्गाचा नसतो. स्नायू सतत ताणलेले, कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या, त्यामुळे उष्णता आतच साठते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. त्यात मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 42-43 वर, पत्र्याची खोली, दिवसभर पाणी नाही. अंग 40 अंशांपुढे गेलं की स्नायू आतून फुटायला लागतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडं बसतात.

आधी 108. मग सावली, कपडे काढा, अंगावर साधं पाणी मारून पंखा लावा. काखेत, जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ. पूर्ण शुद्धीत असेल तरच घोटघोट पाणी. बाजेला बांधू नका, धडपडीने ताप आणखी चढतो. छातीत दुखणं किंवा झटके असतील तर वाटच पाहू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. यावर उतारा नाही. बेंझोडायझेपिन (शांत करणारं औषध), सलाईन आणि थंडावा एवढंच हातात असतं. (आपल्याकडची ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन, मेथ नव्हे. पण प्रथमोपचार तेच.)

मेथचा अर्धा माल रक्तातून जायलाच 10-12 तास लागतात. नंतर दोन-तीन दिवस झोप, अधाशी भूक, कमालीची उदासी. आत्महत्येचा धोका तेव्हा असतो, एकटं सोडू नका. संशय, कानात आवाज हे बाहेरचं समजून अंगारे लावत बसू नका. मानसोपचार विभाग गाठा. व्यसनमुक्तीसाठी 14446. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम 64अ नुसार, थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.