कॉन्ट्रॅक्ट कामासाठी रिक्रूटर्सशी कसं बोलायचं? क्लायंटचं नाव न सांगता संमती मागतायत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबणार आहे. उद्या संध्याकाळपर्यंत एका रिक्रूटरला हो की नाही ते कळवायचंय आणि मागच्या वेळी घाईत जे होऊन बसलं ते परत नकोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मी टेस्ट ऑटोमेशनमध्ये आहे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या चाचण्या आपोआप चालवणारे प्रोग्रॅम लिहिते. ९ वर्षं पर्मनंट नोकरी केली, आता २ वर्षं झाली फक्त कॉन्ट्रॅक्टवर काम करते आणि मला पुढेही तेच करायचंय, कारण घरच्या काही गोष्टींसाठी मध्ये एक-दोन महिने मोकळे लागतात. आधीची दोन्ही कामं जुन्या सहकाऱ्यांच्या ओळखीतून मिळाली त्यामुळे रिक्रूटर मंडळींशी कधी संबंधच आला नव्हता. या वेळी ओळखीत काही नव्हतं म्हणून लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' चालू केलं, कामाच्या प्रकारात फक्त कॉन्ट्रॅक्टवर टिक केली, आणि फोटोभोवतीची हिरवी चौकट न लावता फक्त रिक्रूटर्सना दिसेल असं ठेवलं, कारण चालू काम संपायला अजून पाच आठवडे होते. (सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटर्सना ते दिसू नये म्हणून लिंक्डइन काळजी घेतं, पण पूर्ण खात्री देत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलंय. कुणी नव्याने चालू करणार असेल तर तेवढं ध्यानात ठेवा.)

तिसऱ्या दिवसापासून मेसेजेसची रांग लागली. बहुतेक पर्मनंट जागांचे, काही तर मॅन्युअल टेस्टिंगचे, आणि सगळ्यांची सुरुवात एकच, 'तुमची प्रोफाइल पाहून फार प्रभावित झालो.' त्यातल्या एकाने फोन नंबर मागितला, मी दिला. पाच मिनिटांचा कॉल. क्लायंटचं, म्हणजे ज्या कंपनीसाठी प्रत्यक्ष काम करायचं तिचं, नाव आत्ता सांगता येणार नाही म्हणाला, रेझ्युमे वर्डमध्ये पाठवा, पीडीएफ नको, आज सहाच्या आत पाठवलात तरच जमेल. मी पाठवला. नंतर आठ दिवस काहीच नाही. मग दुसऱ्या एजन्सीच्या बाईंचा मेसेज आला, त्यांनी दिलेलं कामाचं वर्णन जरा वेगळ्या शब्दांत होतं, मला काही ओळखू आलं नाही, मी त्यांनाही हो म्हटलं.

काम तेच होतं, क्लायंटही तोच. त्यांच्या व्हेंडर पोर्टलवर (एजन्सीज जिथे उमेदवारांची नावं टाकतात ती क्लायंटची साइट) माझं नाव दोनदा गेलं. मग दोन्हीकडून फोनावर फोन, 'तुम्ही परवानगी आम्हालाच दिली होती असं लेखी द्या', दुसरे म्हणतात आम्हाला द्या, आणि या भांडणात क्लायंटने मलाच यादीतून काढून टाकलं. फी कुणाला द्यायची हा वाद त्यांना नको असतो म्हणे. माझं काम, माझा इंटरव्ह्यू, सगळं इंटरव्ह्यूच्या आधीच संपलं.

दुसरा प्रकार मला जास्त लागलाय. दुसऱ्याच एका क्लायंटचा इंटरव्ह्यू लागला, व्हिडिओ कॉलवर. समोरच्या माणसाने स्क्रीन शेअर केली आणि माझा रेझ्युमे उघडला. वर एजन्सीचा लोगो, माझा फोन आणि ईमेल काढलेला, इथपर्यंत ठीक, क्लायंटने परस्पर संपर्क करू नये म्हणून ते काढतात हे मला माहीत होतं. पण खाली स्किल्समध्ये सेलेनियम, प्लेराइट आणि त्यानंतर 'जेमीटर, ३ वर्षं' असं लिहिलेलं. जेमीटर म्हणजे लोड टेस्टिंगचं टूल, एकाच वेळी खूप लोक आले तर सिस्टिम टिकते का ते तपासायचं, आणि मी ते आयुष्यात कधी उघडलेलं नाही. त्यांचा दुसराच प्रश्न, लोड टेस्टमध्ये थ्रेड ग्रुप कसे ठरवायचात? माझे कान गरम झाले. मी सरळ सांगितलं की हे मी लिहिलेलं नाही, मी पाठवलेल्या रेझ्युमेत हे नव्हतं. ते म्हणाले 'ओके', दोन-तीन इकडचे तिकडचे प्रश्न विचारले आणि आठव्या मिनिटाला कॉल बंद. ९ वर्षांत कुणी माझ्या शब्दावर शंका घेतली नव्हती, आणि इथे एक ओळ दुसऱ्याने टाकली आणि खोटी मी पडले. एजन्सीला विचारलं तर 'फॉरमॅटिंग टीमकडून झालं असेल' एवढंच उत्तर.

आता मुद्द्यावर येते. परवा तिसऱ्या एका एजन्सीच्या बाईंचा मेसेज आला. या व्यवस्थित वाटतायत, माझं एक जुनं काम नीट वाचून त्यावर प्रश्न विचारलाय. मी 'या प्रोफाइलबद्दल' मध्ये जाऊन बघितलं, खातं बरीच वर्षं जुनं आहे, कंपनीची पडताळणी झालेली आहे, ईमेलही कंपनीच्या डोमेनवरून आलाय. पण त्यांनी आरटीआर (माझं नाव क्लायंटकडे पाठवायची माझी लेखी संमती) म्हणून एक मेल पाठवलाय, 'मी या एजन्सीला माझं प्रतिनिधित्व करण्याचा एकमेव अधिकार देते', आणि त्यावर मी फक्त 'मान्य आहे' असं उत्तर पाठवायचं. त्यात क्लायंटचं नाव नाही, रेट नाही आणि मुदत १२ महिने.

यावर सही केल्यासारखंच होईल ना? क्लायंटचं नाव आधी मागितलं तर संधी जाईल का? रेट मी आधी सांगू की त्यांना सांगायला लावू? आणि पर्मनंटवाल्या मेसेजेसना उत्तर द्यायचं की सोडून द्यायचं, कारण रोज अर्धा तास त्यात जातोय. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, मी सहा वर्षं एजन्सीत रिक्रूटर होतो, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

नाव लपवण्यामागे दोन भीती असतात, तुम्ही क्लायंटकडे थेट अर्ज कराल ही एक, आणि तुमच्याकडून दुसऱ्या एजन्सीला कळेल की अमुक ठिकाणी जागा निघालीय ही दुसरी. पहिल्या मेसेजमध्ये नाव नसणं यात वावगं काही नाही. पण रेझ्युमे क्लायंटकडे जाण्याआधी नाव मिळालंच पाहिजे, त्याशिवाय हो म्हणू नका. आरटीआर म्हणजे राइट टू रिप्रेझेंट, त्यात एक क्लायंट, एक पोझिशन आणि तिचा जॉब आयडी, एक रेट, आणि ठरावीक मुदत एवढं असायला हवं. एकमेव अधिकार द्यायला हरकत नाही पण तो त्या एका पोझिशनपुरता. मोघम १२ महिन्यांचं लिहून दिलंत तर उद्या दुसऱ्या कुणी काम आणलं तरी हे हक्क सांगायला येतील.

'आज सहाच्या आत' हे दर वेळी खोटं नसतं बरं का. बऱ्याच क्लायंटकडे एका एजन्सीने किती रेझ्युमे द्यायचे याला मर्यादा असते आणि उमेदवार ज्याने आधी सबमिट केला त्याचा धरतात, म्हणून आमची धावपळ. पण ती धावपळ आमची, तुमची नाही. नाव आणि रेट मेलवर यायला दोन मिनिटं लागतात.

पर्मनंटवाल्यांना एक ओळीचं उत्तर जरूर द्या. इनमेल, म्हणजे ओळख नसलेल्यांना लिंक्डइनवर पाठवायचा मेसेज, पाठवायला क्रेडिट लागतं आणि ९० दिवसांत उत्तर आलं, भले नकार का असेना, तर ते क्रेडिट परत मिळतं. त्यामुळे नकाराचाही समोरच्याला उपयोग होतो, आणि तुमच्या नावापुढे 'फक्त कॉन्ट्रॅक्ट, अमुक महिन्यापासून मोकळी' अशी नोंद राहते. मला स्वतःला अशा नोंदींतून माणसं मिळालीत. एकच मजकूर सेव्ह करून ठेवा, अर्धा तास जाणार नाही.

आणि रेझ्युमे पीडीएफच द्या. वर्ड हवीच म्हणाले तर 'क्लायंटला जाणारी प्रत आधी मला पाठवा' हे मेलवर लिहून घ्या. जे तुमच्या बाबतीत झालं ते आमच्या ऑफिसातही व्हायचं. जॉब डिस्क्रिप्शनमधले शब्द रेझ्युमेत नसले की सिस्टिममध्ये सर्च केल्यावर उमेदवार खाली जातो, म्हणून शब्द घुसवतात. चूक आहे ते, शंभर टक्के चूक.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. रेटबद्दल माझा अनुभव, आधी त्यांचं बजेट विचारायचं, तरी आग्रह केला तर रेंज न सांगता एकच आकडा सांगायचा, कारण रेंज सांगितली की त्यांना फक्त खालचा आकडा ऐकू येतो. आकडा काढताना पर्मनंटच्या पगाराला १२ ने भागू नका. वर्षात कामाचे दिवस ५२ गुणिले ५ म्हणजे २६० धरले तरी त्यातून सुट्ट्या, आजारपण आणि दोन कामांमधला रिकामा काळ वजा होतो, आणि त्या दिवसांचे पैसे कुणी देत नाही. तुम्ही तर मुद्दाम दोन महिने मोकळे ठेवता म्हणजे ४० दिवस तिथेच गेले.

तुमच्या आणि क्लायंटच्या मध्ये किती कंपन्या आहेत हेही विचारा. प्रत्येक जण आपला वाटा काढतो. आणि पैसे किती दिवसांत मिळणार ते बघा, ३० की ६०, शिवाय 'क्लायंटकडून पैसे आल्यावर देऊ' असं कलम असेल तर मी तरी सही करत नाही. एकदा केली होती, शेवटचे दोन महिने अजून अडकलेत.

प्रतिसाद

कुणी रजिस्ट्रेशन किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले तर तिथेच थांबा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या करारातही कामगाराकडून फी घ्यायची नाही हाच नियम आहे, काही अपवाद सोडून. बँक डिटेल्स आणि ओळखपत्रंही करार हातात आल्याशिवाय देऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्रीच त्या बाईंना लिहिलं, 'मॅडम, या कामात मला नक्की रस आहे. क्लायंटचं नाव, जॉब आयडी आणि रेट मेलमध्ये टाकलात आणि संमती या एकाच पोझिशनपुरती केलीत तर मी लगेच मान्य करते. क्लायंटला जाणारी रेझ्युमेची प्रत आधी मला दाखवा ही विनंती.' पाठवताना हात आखडत होता, वाटलं आता परत मेसेज येणार नाही.

तीन तासांत उत्तर आलं, नावासकट. क्लायंट तोच निघाला, ज्यांनी मला दोनदा नाव गेल्यामुळे काढलं होतं. मी लगेच फोन करून आधीच्या दोन्ही सबमिशनच्या तारखा सांगितल्या. त्यांनी पोर्टलवर बघितलं, माझं नाव अजून पहिल्या एजन्सीच्या खात्यावर आहे, त्यामुळे इथे त्या काही करू शकत नाहीत. पण म्हणाल्या तुम्ही बोललात ते बरं झालं, नाहीतर माझंही नाव खराब झालं असतं. पुढच्या आठवड्यात दुसरं एक आठ महिन्यांचं काम येतंय त्यासाठी फोन करतील, आणि आरटीआरचा मजकूरही बदलून पाठवलाय, त्यात मुदत आता ३० दिवस आहे.

एक्सेलमध्ये एक शीटही केलीय, तारीख, एजन्सी, क्लायंट, जॉब आयडी, रेट, संमती कधी दिली. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाहीये, ती जेमीटरची. ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्यांची प्रोफाइल लिंक्डइनवर दिसतेय. काम परत मागायचं नाहीये, फक्त माझा मूळ रेझ्युमे जोडून चार ओळी लिहाव्यात की ती नोंद माझी नव्हती, असं वाटतंय. एजन्सीशी माझा काही करार झालेला नाही. असं थेट लिहिलेलं चालतं का? रिक्रूटर होतात त्या दादांनी सांगितलं तर बरं होईल, मजकूर लिहून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही.