उंदरांच्या यकृतात नेमकं काय बदलतं?

तेलकट खाण्याने उंदरांची 'जनुकं बदलतात' असं एकांनी लिहिलंय. जनुकं तीच राहतात. कोणत्या जनुकापासून किती आरएनए (जनुकातल्या माहितीची पेशीने काढलेली नक्कल) तयार होतो, ते बदलतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढची सगळी चर्चाच भरकटते, म्हणून लिहितोय.

बहुतेक प्रयोगांत सी५७ब्लॅक/६ वाणाचे उंदीर असतात आणि ६० टक्के उष्मांक चरबीतून येतील असं खाद्य त्यांना काही आठवडे देतात. मग यकृतात चरबी साठवण्याला चालना देणारं पीपीएआर-गॅमा, चरबी पेशीत ओढणारं सीडी३६ आणि चरबीचे थेंब मोठे करणारं सायडेक ही जनुकं जोर धरतात. फ्रुक्टोज भरपूर दिलं तर यकृत साखरेपासून स्वतःच चरबी बनवू लागतं, म्हणजे मार्गच वेगळा. मेथिओनीन आणि कोलीन वगळलेल्या खाद्याने यकृताला सूज येते, व्रण पडतात, पण उंदीर रोडावतात! माणसात यकृताच्या अशा आजारासोबत सहसा वजन वाढलेलं दिसतं. म्हणून निष्कर्षाआधी खाद्य कोणतं होतं ते बघावं.

आणखी एक. यकृताचा अख्खा तुकडा वाटून आरएनए मोजला की त्यात सगळ्या पेशी एकत्र येतात. कोलॅजेनचं (व्रणातल्या तंतूंच्या प्रथिनाचं) जनुक वाढलेलं दिसलं, तर ते मुख्यतः तारकापेशींचं, म्हणजे यकृतातल्या व्रणाचे तंतू बनवणाऱ्या पेशींचं काम असतं, यकृतपेशींचं नव्हे. सुजेच्या जनुकांची वाढही कित्येकदा रक्तातून यकृतात आलेल्या भक्षक पेशींमुळे (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) दिसते. एकेका पेशीचा आरएनए वाचणाऱ्या तंत्राने हा गुंता बराच सुटला आहे.