दोन नोव्हेंबर : मृतांसाठी प्रार्थना करावी, की केवळ त्यांचे स्मरण?

वसईकर (धागाकर्ती) :
माझे माहेर वसईतील कॅथलिक, सासर नगर जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट. दोन नोव्हेंबरला, मृत विश्वासीयांच्या स्मरणदिनी, आम्ही आईच्या कबरीवर जातो. आदल्या दिवशीच गवत उपटून फरशी घासलेली असते. संध्याकाळी फादर रांगेरांगेने पवित्र पाणी शिंपडत येतात आणि वाऱ्याने विझलेली मेणबत्ती शेजारच्या कबरीवरच्या ज्योतीवर पुन्हा पेटवून घ्यावी लागते. यंदा मुलाने विचारले, "आजी देवाघरी गेली ना? मग तिच्यासाठी काय मागायचे?" सासऱ्यांनी सांगितले, की काही मागायचे नाही, फक्त आभार मानायचे. मला ते अपुरे वाटते. संत मोनिका सन 387 मध्ये ऑस्तिया येथे मरणशय्येवर असताना, माझे शरीर कुठेही ठेवा, पण परमेश्वराच्या वेदीपाशी माझी आठवण करा, असे तिने मुलांना सांगितल्याचे तिचा मुलगा संत ऑगस्टीन यानेच लिहून ठेवले आहे. आईचे हे मागणे कोणता मुलगा मोडेल?

नगरकर :
ताई, आमचा आक्षेप स्मरणाला नाही. माणसाने एकदाच मरावे आणि त्यानंतर न्याय व्हावा, असे बायबलमधील इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायात स्पष्ट आहे. मग आपल्या विनंतीने त्या न्यायात काय बदलणार? मृतांसाठी प्रार्थनेचा आधार म्हणून मक्काबींचे दुसरे पुस्तक दाखवले जाते, पण ते कॅथलिक बायबलमध्ये असले, तरी आमच्या प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. शिवाय या श्रद्धेच्या आधारे मृतांच्या नावाने क्षमापत्रे, म्हणजे पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे, विकली गेली, आणि 1517 मध्ये प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याला त्याविरुद्ध उभे राहावे लागले. दुःखी माणसाच्या असहायतेवर पैसा उभा राहतो, तेव्हा शिकवणच तपासून पाहिली पाहिजे.

वसईकर :
तो व्यापार निंद्यच होता आणि ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेनेही 1563 मध्ये अशा धनलोभाला मनाई केली. परंतु त्याच ल्यूथरने 1528 मध्ये लिहिले, की शास्त्रात याविषयी काही सांगितलेले नसल्यामुळे, "देवा, या आत्म्याला साहाय्य होऊ शकत असेल तर त्याच्यावर दया कर" अशा आशयाची प्रार्थना करणे मी पाप मानत नाही. माझी मागणी याहून मोठी नाही.

नगरकर :
पुढचे वाक्यही सांगा : एकदोनदा असे म्हटले की पुरे, असे तो लिहितो. मृतांसाठी दरवर्षी वेदीवर अर्पण होणारे मिस्साबलिदान त्यात बसत नाही. आमच्याकडे पुण्यतिथीला स्मरणार्थ उपासना होते, भजने होतात, पण मागणी जिवंतांसाठी असते, कारण ख्रिस्ताने वधस्तंभावर जे पूर्ण केले त्यात आपण भर घालायची नसते.

उत्तनकर :
मी वसईकरांच्या बाजूने आहे. फ्रान्समधील क्लूनी मठाचा अधिपती ओदिलो याने सुमारे 998 साली आपल्या मठांसाठी हा दिवस नेमला, तो सर्व मृतांसाठी. आमच्या दफनभूमीत एका कबरीवरची अक्षरे पार झिजली आहेत. कोणाची ते सांगणारे कोणी उरले नाही, तरी दरवर्षी कोणीतरी तिथे मेणबत्ती लावते. ज्याचे आभार मानायला कोणी मागे नाही, त्याच्यासाठी आभाराची उपासना कोण ठेवणार?

नगरकर :
त्याला देव ओळखतो, एवढे मला पुरते.

वसईकर :
मलाही. पण ज्याला देव ओळखतो त्याच्याविषयी देवाशी बोलायचेच नाही, हे मी मुलाला शिकवू शकणार नाही.