नेपाळात दुकानदाराला यूपीआय चालतं, मग तिथल्या घरच्या माणसाच्या खात्यात पैसे का जात नाहीत?

प्रश्न: भाट्येकर

नमस्कार मंडळी. रत्नागिरी परिसरात आंबा बागांच्या राखणीला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून बरेच नेपाळी कामगार असतात. हंगाम संपला की, किंवा जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, ते गावी जातात आणि कमाई रोखीने बरोबर नेतात. वाटेत चोरीची भीती असते. मधल्या महिन्यांत घरी पैसे पाठवायचे तर ओळखीच्या माणसाच्या हाती द्यावे लागतात.

काठमांडूत भारतीय पर्यटक फोनने क्यूआर स्कॅन करून पैसे देतात. सिंगापूरला तर एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला थेट पैसे जातात. मग ज्या देशाशी आपली सीमा उघडी आहे, तिथे हे का होत नाही? देशादेशांतल्या पेमेंट व्यवस्था जोडतात म्हणजे नेमकं काय जोडतात? आणि आज या कामगारांना सांगण्याजोगा खात्रीचा मार्ग कोणता?

उत्तर 1: ताळमेळ

तारा आणि सर्व्हर जोडणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड असतं ते चार गोष्टींवर एकमत होणं: पैसे घेणाऱ्याची ओळख कोण तपासणार, चलन कोण बदलणार, दोन देशांतला हिशेब कधी आणि कोणत्या चलनात मिटणार, आणि व्यवहार अर्ध्यात अडकला तर भरपाई कोणाकडे मागायची.

दुकानदाराला पैसे देताना या चारही गोष्टी आटोक्यात राहतात. दुकानदाराची कागदपत्रं त्याच्या बँकेने किंवा क्यूआर देणाऱ्या संस्थेने आधीच तपासलेली असतात, व्यवहाराचं कारण उघड असतं आणि रक्कम बहुधा लहान असते. म्हणून शेजाऱ्यांकडे सुरुवात तिथूनच झाली: भूतान जुलै 2021, श्रीलंका फेब्रुवारी 2024, नेपाळ मार्च 2024. नेपाळात एनपीसीआयच्या (यूपीआय चालवणाऱ्या आपल्या संस्थेच्या) आंतरराष्ट्रीय शाखेचा भागीदार फोनपे हे नेटवर्क आहे. हे आणि आपल्याकडचं फोनपे ॲप एकच समजू नका, उच्चार सारखा असला तरी त्या वेगळ्या कंपन्या आहेत.

माणसाकडून माणसाला पैसे जातात तेव्हा घेणारा कोण हे पाठवणाऱ्या देशाला कळावंच लागतं. सिंगापूरच्या पेनाऊ या पेमेंट व्यवस्थेशी यूपीआयची जोडणी 21 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झाली, तिथे हे कसं होतं बघा. तुम्ही घेणाऱ्याचा मोबाइल नंबर टाकता, तिकडच्या व्यवस्थेकडून त्याचं नाव येतं, विनिमय दर दिसतो, दोन्ही बाजूंना निर्बंध-यादीशी (ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे अशांच्या यादीशी) नाव पडताळलं जातं, आणि मग पिन टाकला की पैसे जातात. मर्यादा दिवसाला 60,000 रुपये. कारणही दोनच मान्य आहेत: परदेशातल्या नातेवाइकांचा खर्च आणि भेट. सुरुवातीला मोजक्या बँका होत्या, जुलै 2025 मध्ये आणखी 13 आल्या आणि संख्या 19 झाली. म्हणजे दोन प्रगत व्यवस्था असूनही बँका एकेक करूनच आत येतात, कारण प्रत्येक बँकेला आपली पडताळणी यंत्रणा परदेशी नावांसाठी तयार करावी लागते.

नेपाळच्या बाबतीत चलनाची अडचण खरं तर सर्वात कमी आहे. 1 भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी रुपये हा दर 1993 पासून बांधलेला आहे. आपल्या परकीय चलन नियमांनुसार नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी डॉलर मिळतच नाहीत, तिथले व्यवहार रुपयातच होतात. शिवाय नेपाळ राष्ट्र बँकेला भारतीय रुपये मिळवण्यासाठी डॉलर विकावे लागतात. त्यामुळे भारतातून येणारा प्रत्येक रुपया त्यांना हवाच आहे. हात आखडता घेतला जातो तो उलट दिशेने, म्हणजे नेपाळी ग्राहक भारतात खर्च करतो तेव्हा.

अडतं ते ओळखीपाशी. सीमा उघडी असल्यामुळे कामगाराकडे व्हिसा नसतो, अनेकांकडे पासपोर्टही नसतो. त्यात फेब्रुवारी 2025 मध्ये आर्थिक गुन्ह्यांवर देखरेख करणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने नेपाळला करड्या यादीत, म्हणजे जास्त देखरेखीखालच्या देशांत टाकलं. तेव्हापासून नेपाळशी जोडलेल्या व्यवहारांत बँका जास्तच काटेकोर झाल्या तर नवल नाही. आरबीआय आणि नेपाळ राष्ट्र बँकेने 15 फेब्रुवारी 2024 रोजी यूपीआय आणि नेपाळची एनपीआय ही राष्ट्रीय पेमेंट व्यवस्था जोडण्याच्या अटींवर सह्या केल्या आहेत. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये घेणाऱ्याचा देश म्हणून नेपाळ दिसत नसेल, तर तुमच्यासाठी ती वाट अजून उघडलेली नाही असं समजा.

उत्तर 2: शाखा_काउंटर

आजच्या मार्गाबद्दल लिहितो. भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा 2008 पासून आहे आणि ती एनईएफटीवर चालते. कामगारांना तिची माहिती नसते, आणि काउंटरवरच्या नव्या कर्मचाऱ्यालाही पुष्कळदा नसते. म्हणून शाखेत जाऊन नुसतं "नेपाळला पैसे पाठवायचे" म्हणू नका, "इंडो-नेपाळ रेमिटन्स, एनईएफटीमधून" असं पूर्ण नाव घ्या.

खातं नसलं तरी रोख भरून पाठवता येतं. एका वेळी जास्तीत जास्त 50,000 रुपये, आणि वर्षातून 12 वेळा. खात्यातून पाठवल्यास ऑक्टोबर 2021 पासून एका व्यवहाराची मर्यादा 2 लाख आहे आणि किती वेळा पाठवायचं यावर बंधन नाही. खलाशाला हंगामाचा हिशेब एकदम मिळतो, त्यामुळे त्याचं खातं उघडून देणं सर्वात फायद्याचं.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट, पॅन, वाहन परवाना चालतो. यातलं काही नसेल तर मालकाने दिलेलं फोटोसह ओळख प्रमाणपत्रही चालतं. बागायतदारांनी आणि बोटमालकांनी हे लक्षात घ्यावं: लेटरहेडवर नाव, फोटो, फोटोवर अर्धी येईल अशी सही-शिक्का, नेपाळमधला पत्ता आणि कामाचं ठिकाण एवढं लिहून दिलं तर कामगाराची मोठी अडचण सुटते.

पैसे भारतीय स्टेट बँकेमार्फत नेपाळ एसबीआय बँकेकडे जातात. घरच्यांचं तिथे खातं असेल तर थेट जमा होतात. नसेल तर त्यांना निरोप जातो आणि नेपाळ एसबीआयच्या शाखेतून किंवा तिच्याशी करार असलेल्या मनी ट्रान्सफर केंद्रातून ओळख दाखवून रोख मिळते. म्हणून फॉर्मवर घेणाऱ्याचा नेपाळमधला चालू मोबाइल नंबर आणि पूर्ण पत्ता (जिल्हा, नगरपालिका किंवा गाउँपालिका, वॉर्ड क्रमांक) हवाच. गाडी सर्वात जास्त इथेच अडकते. माणूस सापडला नाही तर रक्कम पाठवणाऱ्या शाखेकडे परत येते, आणि रोख भरलेल्या कामगाराला ती घ्यायला त्याच शाखेत यावं लागतं.

दुसरी अडचण नावाची. घेणाऱ्याच्या नेपाळी नागरिकता प्रमाणपत्रावर जसं आहे अगदी तसंच नाव लिहा. मधलं "बहादुर" कधी पूर्ण असतं तर कधी नुसतं आद्याक्षर, आणि बायकांच्या नावात "कुमारी" किंवा "देवी" असतं, ते इथे सांगताना राहून जातं. प्रमाणपत्राचा फोटो घरून व्हॉट्सॲपवर मागवून समोर ठेवा आणि फॉर्म भरा.

ही सोय फक्त भारतातून नेपाळकडे आहे, उलट नाही. शुल्क पावतीवर लिहून घ्या.

प्रश्नकर्ता: भाट्येकर

खूप उपयोगी माहिती, धन्यवाद. मालकाच्या प्रमाणपत्राचं इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. एक उपप्रश्न: इथून सहलीला गेलेल्या काहींचे नेपाळमध्ये क्यूआर काही दुकानांत चालले, काहींत "अवैध क्यूआर" असं आलं. ते का?

उत्तर 3: सहा_तीन

नेपाळी क्यूआरमध्ये ईएमव्हीको या कार्ड कंपन्यांच्या संस्थेने ठरवलेल्या रचनेचा मजकूर असतो, म्हणजे खण क्रमांक, लांबी आणि मग माहिती. खण 26 ते 51 मध्ये दुकानदाराचं खातं आणि नेटवर्क, 52 मध्ये धंद्याचा प्रकार, 53 मध्ये चलन (नेपाळी रुपया 524, भारतीय 356), 58 मध्ये देश, आणि शेवटी 63 मध्ये संपूर्ण मजकुराची चार अक्षरी तपासणी संख्या. आपलं ॲप चलनाच्या खणात 524 बघतं आणि त्या खात्यावर आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू नसेल तर पुढे जातच नाही.

म्हणून निघण्यापूर्वी भारतातच ॲपच्या सेटिंगमध्ये त्या बँक खात्यासाठी आंतरराष्ट्रीय यूपीआय चालू करा. ते ठरावीक मुदतीपुरतंच चालू राहतं, सहल लांबली तर परत करावं लागतं. फोन बदलायचा असेल तर तोही आधी बदला. नव्या फोनवर नोंदणीसाठी भारतीय सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि नेपाळात रोमिंग नसेल तर तो जात नाही. एकदा नोंदणी झाली की पुढे वाय-फाय पुरतं.

तिथे काउंटरवर दोन-तीन वेगवेगळ्या नेटवर्कचे क्यूआर चिकटवलेले असतात. जोडणी ज्या नेटवर्कशी आहे त्याचाच स्कॅन करायचा. लहान टपरीवाल्याने आपल्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावलेला असेल तर तो चालणार नाही, कारण मान्यता फक्त व्यापारी खात्यांना आहे. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारी भारतीय रुपयातली रक्कम बघा. बांधलेला दर 1.60 आहे. त्याहून कमी दराने हिशेब दिसला तर तो फरक म्हणजे शुल्क.

आणखी एक. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे. आपल्याकडे रात्री 11:50 ला केलेला व्यवहार तिकडे दुसऱ्या तारखेला 12:05 वाजता नोंदला जातो. ग्राहकाला हे जाणवत नाही, पण दोन्हीकडच्या दिवसअखेरच्या फायली जुळवताना असे व्यवहार एका यादीत दिसतात आणि दुसरीत नाही. तक्रार करताना तारखेऐवजी यूपीआय व्यवहार क्रमांक द्या, शोध लवकर लागतो.

उत्तर 4: ताळमेळ

वरच्या मुद्द्याला जोडून. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची आणि दसैं-तिहारला (तिकडच्या दसरा-दिवाळीला) बँका सलग बंद. आपल्याकडे एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं. एका बाजूचा दरवाजा उघडा आणि दुसऱ्या बाजूचा बंद असला की मधल्या व्यवहारांसाठी कोणीतरी आधीच रक्कम ठेवावी लागते. ही अडकून पडलेली रक्कम म्हणजे खर्च, आणि तो शुल्कात येतो. दसैंला घरी पैसे पाठवणारे सर्वात जास्त, म्हणजे ओझं नेमकं तेव्हाच वाढतं.

तक्रारीबद्दल एक गोष्ट ठाम सांगावीशी वाटते. यूपीआय व्यवहार अडकला तर ठरलेल्या मुदतीनंतर दिवसाला 100 रुपये भरपाई, हा आरबीआयचा सप्टेंबर 2019 चा नियम देशांतर्गत व्यवहारांपुरता आहे. सीमेपलीकडच्या व्यवहाराला तो लागू नाही. राखणदाराचे 8,000 रुपये चार दिवस अडकणं ही त्याच्या घरासाठी मोठी गोष्ट आहे. कोणत्याही नव्या जोडणीत भरपाईची मुदत दोन्ही मध्यवर्ती बँकांनी पहिल्या दिवसापासून लिहून द्यायला हवी.

उत्तर 5: मलाक्का

आग्नेय आशियाचा अनुभव इथे उपयोगी आहे. सिंगापूरचं पेनाऊ आणि थायलंडचं प्रॉम्प्टपे एप्रिल 2021 मध्ये जोडले गेले, मर्यादा दिवसाला 1,000 सिंगापूर डॉलर किंवा 25,000 बात. नंतर मलेशियाशी जोडणी झाली. प्रत्येक जोडीला नवी बोलणी, नवा करार, नवी चाचणी. 5 देशांना 10 जोडण्या लागतात, 10 देशांना 45. म्हणून नेक्सस पुढे आलं: प्रत्येक देश एकाच मधल्या व्यवस्थेशी, आयएसओ 20022 या एकाच आंतरराष्ट्रीय संदेशरचनेत जोडला जाईल आणि पैसे बहुतेक वेळा 60 सेकंदांत पोचतील. 30 जून 2024 रोजी आरबीआयने मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंडच्या मध्यवर्ती बँकांबरोबर त्यावर सही केली.

पण भाट्येकरांच्या कामगारांनी नेक्ससची वाट बघू नये. संस्थापक देशांत नेपाळ नाही. नेक्ससचा मोठा फायदा म्हणजे अनेक चलनांचे दर स्पर्धेतून मिळणं, आणि भारत-नेपाळमध्ये दर बांधलेलाच असल्याने तो फायदा इथे कमी. इथे दोन देशांची थेट जोडणीच योग्य. मर्यादा लहान ठेवावी, समजा दिवसाला 10,000 रुपये, पाठवणाऱ्याची ओळख नेपाळी नागरिकता प्रमाणपत्रावर मान्य करावी, आणि पिन टाकण्याआधी घेणाऱ्याचं नाव देवनागरीत दाखवावं. लिपी दोन्हीकडे एकच आहे, रोमन स्पेलिंगमुळे होणारे घोटाळे तिथेच कमी होतील.

प्रश्नकर्ता: भाट्येकर

ओळख प्रमाणपत्राचा नमुना तयार करून इथल्या बागायतदारांना आणि बोटमालकांना देतो. शाखा_काउंटर, त्यात कामगाराच्या नेपाळी नागरिकता प्रमाणपत्राचा क्रमांकही लिहावा का?

उत्तर 6: शाखा_काउंटर

हो, क्रमांक आणि तो देणाऱ्या जिल्ह्याचं नाव, दोन्ही लिहा. प्रत शाखेत द्या, मूळ प्रमाणपत्र कामगाराकडेच राहू द्या. मालकाने ते ठेवून घेऊ नये.